दोन फूट

रॉचेस्टरच्या नगरपालिकेत माझं काम
रस्त्यांची मापं घेण्याचं.
काठीला लावलेलं चाक ढकलत चालते,
दर फुटाला ते टक् करतं
आणि कुंपणामागची कुत्री भुंकतात.

हॉथॉर्न स्ट्रीट : चव्वेचाळीस फूट.
एवढा ऐसपैस कुणासाठी, कुणालाच आठवत नाही.
मधून ट्राम जायची म्हणे.
ट्राम गेली, तिची जागा मागे राहिली,
आणि मोकळी जागा दिसली की
गाडीवाल्याच्या तळपायाला खाज सुटते.
पाटी सांगते तीस.
पाटी वाचतो कोण? माणूस रुंदी वाचतो.
खोटं कशाला बोलू,
मीही इथून बेचाळीसने गेले आहे,
डाव्या हातात कॉफी.

मिसेस वूयचिक, वय एक्क्याऐंशी,
वॉकर सरकवत औषधाच्या दुकानात जातात.
सिग्नलमधला पांढरा माणूस
चौदा सेकंद चालतो.
त्यांना लागतात तेवीस.
उरलेले नऊ सेकंद त्या
दुसऱ्यांच्या हेडलाइटमध्ये असतात.
माझ्या फॉर्ममध्ये या नऊ सेकंदांना रकाना नाही.

शाळेच्या जिममध्ये सभा झाली.
लोक रस्ते रुंद करतात, तुम्ही अरुंद करणार?
लोसानो न्हावी म्हणाला, गिऱ्हाइकं गाड्या काय डोक्यावर ठेवतील?
अग्निशामक दलाचा माणूस हाताची घडी घालून उभा.
मी म्हटलं, बारा फुटांची लेन दहाची करू,
कोपरे थोडे पुढे आणू,
कडेला सायकलला वाट.
लेनमागे दोन फूट. फक्त दोन.
दोन फुटांवर अडीच तास गेले.
आमच्याकडे बांधावरून भाऊ-भाऊ कोर्टात जातात,
त्यामुळे मला त्या नजरा ओळखीच्या होत्या :
ही बाई बांध कोरायला आलीय.

मग कपाटातून एक जुना फोटो निघाला.
हाच रस्ता, दोन्ही बाजूंना एल्मची झाडं,
फुटपाथवर चार बायका शेजारी-शेजारी,
हातात हात, कुणी खाली उतरलेलं नाही.
आज तिथे दोघी एकीमागे एक चालतात.
मी फोटोवर पट्टी ठेवली, काढली,
पुन्हा ठेवली.
बांध आधीच कोरला गेला होता.

जानेवारीत एका रात्रीत चौदा इंच बर्फ.
सकाळी चाक चालेना, म्हणून टेप घेऊन गेले.
गाड्यांनी आपापल्या चाकोऱ्या पाडल्या होत्या,
दोन जाणाऱ्या, दोन येणाऱ्या, बस्स.
बाकीचा रस्ता पांढरा पडून होता,
आणि कोपऱ्यावर एक मोठा त्रिकोण
ज्याला रात्रभरात एकाही टायरने शिवलं नव्हतं.
लोसानो फावडं घेऊन बाहेर आला.
बराच वेळ बघत राहिला.
“एवढाच लागतो होय?”
मी काही बोलले नाही.
त्याने टेपचं दुसरं टोक धरलं.

मे महिन्यात रंग लागला, खांब लागले.
तिसरा खांब दर शुक्रवारी कुणीतरी आडवा करतं,
सोमवारी आम्ही उभा करतो.
कुंड्यांत झेंडूपेक्षा सिगारेटची थोटकं जास्त.
लोसानोची गिऱ्हाइकं घटली नाहीत,
पण तो अजून घटतील म्हणतो.
एक मुलगा एका हाताने सायकल चालवत जातो,
दुसऱ्या हातात पिझ्झाचा तुकडा,
आणि त्याची आई मागून ओरडते,
पण ओरडते ती पिझ्झावरून.

आता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तीस फूट.
मिसेस वूयचिक सोळा सेकंदांत पोचतात.
परवा पलीकडे पोचून त्यांनी स्कार्फ नीट केला,
मागे वळून रस्त्याकडे पाहिलं,
जसं धुऊन आकसलेल्या स्वेटरकडे पाहावं.

चौदा आणि सोळा.
दोन सेकंद अजून उरलेत.
सिग्नलवाल्या खात्याला मी पत्र लिहिलंय.
ते विचारतात :
फक्त दोनच ना?